व्हॉयेजर, ‘लिव्हिंग विटनेस’: क्रूर जेनवे, खरा डॉक्टर आणि शेवटच्या प्रसंगाचं कोडं

ताराप्रवासी

(पुढे भागाचा शेवट उघड केला आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

ओळखीच्या पात्रांचं उलटं, काळं रूप दाखवणारे भाग स्टार ट्रेकमध्ये पुष्कळ आहेत. मूळ मालिकेतल्या १९६७ च्या ‘मिरर, मिरर’ने ती प्रथाच पाडली. त्या सगळ्यांत मला ‘व्हॉयेजर’च्या (घरापासून फार लांब भरकटलेल्या जहाजाची मालिका) चौथ्या सीझनमधला ‘लिव्हिंग विटनेस’ (२९ एप्रिल १९९८) सर्वांत वरचा वाटतो. का, ते नीट मांडायचा प्रयत्न करते.

सुरुवात आठवा. कॅप्टन जेनवेच्या हातात काळे हातमोजे आहेत, केस वेगळे आहेत. वाटाघाटी फसल्या की बळ वापरायचं आणि त्याबद्दल माफी मागत बसायचं नाही, हे ती अगदी शांतपणे सांगते. तिचा दुय्यम अधिकारी चकोटे याचं गोंदण कितीतरी मोठं झालंय. एरवी भावना न दाखवणारा टुवॉक गालात हसतो. बोर्गमधून (माणसांना अर्धयंत्र करून सामील करून घेणाऱ्या समूहातून) सुटलेली सेव्हन इथे पुरती बोर्ग आहे आणि तिच्या हाताखाली बोर्गची तुकडी आहे. एरवी स्वयंपाकी असलेला नीलिक्स गणवेश घालून ब्रिजवर, आणि एरवी होलोग्राम (प्रकाशातून उभी केलेली प्रतिमा) असलेला डॉक्टर चक्क यंत्रमानव. कैद्याचा छळ होतो, शहरांवर जैविक अस्त्रं सोडली जातात. शेवटी वास्कनांशी लढणाऱ्या कायरियनांचा नेता टेड्रन पकडला जातो आणि जेनवे त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालते.

हे सगळं चाललेलं असताना आपल्याला कुणी काही सांगत नाही. मग कळतं की हे एक संग्रहालय आहे, घटनेला ७०० वर्षं उलटली आहेत आणि आपण पाहिलं ते क्वारन नावाच्या कायरियन अभ्यासकाने अवशेषांवरून उभं केलेलं सिम्युलेशन होतं.

‘मिरर, मिरर’मधला क्रूर कॅप्टन कर्क दुसऱ्या विश्वात खरोखर जगतो. इथली क्रूर जेनवे कुठेच जगलेली नाही. एका समाजाला आपल्या हालांसाठी कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं, आणि आकाशातून आलेलं, परत कधीच न दिसलेलं जहाज त्याला सोयीचं पडलं. बरं, क्वारन लबाड नाही. तो मनापासून काम करणारा माणूस आहे, व्हॉयेजरवर त्याचं प्रेम आहे म्हटलं तरी चालेल. सिम्युलेशन थांबवून तो पाहुण्यांना ज्या उत्साहाने माहिती देतो तो उत्साह खोटा नाही. प्रामाणिक माणसाच्या हातून इतकं चुकीचं चित्र तयार होतं, हे मला आरशातल्या कुठल्याही खलनायकापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

त्यात अवशेषांत सापडलेला डॉक्टरचा बॅकअप (त्याच्या प्रोग्रॅमची राखीव प्रत) जागा होतो. समोर त्याच्या मित्रमंडळींचे राक्षस करून ठेवलेले. आणि क्वारन त्याला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की आमच्या कायद्यात कृत्रिम जीवसुद्धा आपल्या कृत्यांना जबाबदार असतात, तेव्हा तुझ्यावर युद्धगुन्ह्यांचा खटला भरला जाऊ शकतो.

बाकीच्यांचं काय मत? अशा भागांत तुमच्या लेखी कोणता वरचढ, आणि का?

वार्प_नऊ

अनुमोदन. एक गोष्ट राहिली: दिग्दर्शन टिम रसचं आहे, म्हणजे खुद्द टुवॉकचं. टुवॉकचं ते हसू पाहताना हे लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं भावना दाबून ठेवणारं पात्र केलेल्या नटालाच ठाऊक असणार, की त्याच्या चेहऱ्यावर किती हसू दाखवलं म्हणजे प्रेक्षक दचकेल. फार नाही दाखवलेलं. ओठांचा कोपरा तेवढा हलतो.

केट मलग्रूचंही तसंच. ती आवाज चढवत नाही. एरवीची जेनवे चिडली की आवाजात धार येते, इथे उलट सगळी धार काढून टाकली आहे.

जुना_प्रेक्षक

ताराप्रवासी, मांडणी सुरेख आहे, पण ‘मिरर, मिरर’ला तुम्ही एका ओळीत बाजूला सारलंत ते पटलं नाही.

लोकांना त्यातली कर्कचा सहकारी स्पॉक याची दाढी, कमरेला खोचलेले खंजीर आणि तो सलाम एवढंच आठवतं. पण जेरोम बिक्सबीच्या पटकथेचा कणा वेगळाच आहे. कर्क, मकॉय, स्कॉटी आणि उहूरा आयन वादळामुळे दुसऱ्या विश्वातल्या आपल्याच जहाजावर पोचतात. तिथे बढती मिळते ती वरच्याचा खून करून. चेकॉव्ह कर्कला मारायला टपलेला, सुलू सुरक्षाप्रमुख म्हणून सगळ्यांवर नजर ठेवून. कॅप्टनच्या खोलीत टॅन्टलस नावाचं यंत्र, बटण दाबलं की नको असलेला माणूस नाहीसा. हॅल्कन लोक जहाजांना लागणारं डायलिथियम खनिज द्यायला नकार देतात, आणि तिथल्या साम्राज्याच्या रीतीप्रमाणे त्यांचा संहार हे कर्कचं रोजचं काम आहे.

आता यात दाढीवाला स्पॉक पाहा. तो वाईट माणूस नाही. वाईट व्यवस्थेत राहणारा तोच स्पॉक आहे. तेच तर्कशास्त्र, तोच सचोटीचा स्वभाव, फक्त ते सगळं साम्राज्याच्या चाकरीला लागलंय. म्हणूनच कर्क त्याच्याशी बोलू शकतो. साम्राज्य सुमारे २४० वर्षांत कोसळणार हे स्पॉक स्वतःच कबूल करतो. मग जे टिकणारच नाही त्यासाठी माणसं मारणं तर्कात कसं बसतं, असं कर्क विचारतो. स्पॉक म्हणतो, विचार करीन. बस, एवढंच. मन पालटलं, रडला, मिठी मारली, असलं काही नाही.

पात्र विकृत करायचं तर असं. मूळ स्वभाव शाबूत ठेवायचा आणि परिस्थिती फिरवायची. ‘लिव्हिंग विटनेस’मधली जेनवे मूळ जेनवेपासून निघालेलीच नाही. ती क्वारनच्या कल्पनेतली बाहुली आहे. तिच्याकडून आपल्याला जेनवेबद्दल काय कळतं? माझ्या मते काहीच नाही.

ताराप्रवासी

जुना_प्रेक्षक, स्पॉकबद्दल शंभर टक्के सहमत. पण शेवटच्या वाक्यावर हरकत आहे.

त्या बाहुलीचा कच्चा माल कुठून आला? जहाज भरकटलंय, घर फार लांब आहे, आणि घरी पोचण्यासाठी कॅप्टन काहीही करायला तयार आहे, हे क्वारनला कुठून तरी ठाऊक आहे. त्याच्या गोष्टीत वास्कन राजदूत डॅलेथ तिला घरच्या वाटेचं आमिष दाखवतो म्हणून ती युद्धात उतरते. आता खऱ्या जेनवेचे निर्णय आठवा. चौथ्या सीझनच्या आधीच तिने बोर्गशी हातमिळवणी केली होती, जहाज बोर्गच्या हद्दीतून पार व्हावं म्हणून. क्वारनने हवेतून काही आणलं नाही. जे बीज तिच्यात होतं, त्याचं त्याने झाड केलं. म्हणून ती आपल्याला बोचते.

निहारिका

मला एक शंका नेहमी छळते आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. डॉक्टरचा बॅकअप असतो कुठून?

याच सीझनमध्ये, काहीच महिने आधी, ‘मेसेज इन अ बॉटल’ आला होता. डॉक्टरला दूरच्या प्रोमिथियस जहाजावर पाठवतात, तो परत येईल की नाही ही धाकधूक, आणि इकडे जहाजावरचा किम बिचारा नवा डॉक्टर तयार करायला बसतो आणि ते काही जमत नाही. बॅकअप होता तर ही धडपड कशाला? या भागानंतरही त्या बॅकअपचं नाव निघत नाही. एवढा मोठा भाग ज्या खुंटीवर टांगलाय ती खुंटीच हलते आहे.

वार्प_नऊ

निहारिका, हे खरंय आणि याला पळवाट नाही. बॅकअपचं मॉड्यूल हल्ल्यात कायरियनांनी पळवलं, म्हणून व्हॉयेजरकडे पुन्हा कधी दिसलं नाही, एवढं म्हणता येईल. ‘मेसेज इन अ बॉटल’चा प्रश्न तरी उरतोच.

मला त्याचा त्रास होत नाही. त्या बदल्यात जे मिळालं ते मोठं आहे.

निहारिका

मला होतो. ज्या मालिकेत एका पात्राचं मरण हा खरा धोका असतो, तिथे असं परस्पर बदलता येत नाही. मात्र भाग आवडतो, हेही तितकंच खरं.

कृष्णविवर

इथे मला जे म्हणायचंय ते जरा लांबेल.

सगळे म्हणतात की या भागात आधी खोटा इतिहास दाखवतात आणि मग खरा. खरा कुठे दाखवलाय? पुन्हा पाहा. डॉक्टर म्हणतो, असं घडलं नव्हतं, मी दाखवतो. आणि तो काय करतो, तर त्याच संग्रहालयातली यंत्रणा वापरून आपलं स्वतःचं सिम्युलेशन तयार करतो. त्यात आपली नेहमीची जेनवे दिसते, समजूतदार, ठाम. व्यापार चाललेला असतो, कायरियन हल्ला करतात, ओलीस धरतात, आणि टेड्रनला मारतो तो वास्कन राजदूत. म्हणजे या अख्ख्या भागात खरी जेनवे एकदाही पडद्यावर येत नाही. एक क्वारनची, दुसरी डॉक्टरची. चकोटे, टुवॉक, सेव्हन, सगळ्यांचं तेच. मूळ पात्र म्हणून एकटा डॉक्टर आहे, आणि तोही प्रत.

इथवर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं. पण शेवटची दोन मिनिटं घ्या. संग्रहालयाची मोडतोड झालीय, डॉक्टर आणि क्वारन ढिगाऱ्यात उभे आहेत, आणि एकदम चित्र थांबतं. आणखी पुढच्या काळातली मार्गदर्शक पाहुण्यांना सांगते की हा आपल्या इतिहासातला निर्णायक क्षण होता. पुढे दोन्ही समाजांत सलोखा झाला, क्वारन सहा वर्षांनी वारला पण त्याची पहाट बघून गेला. डॉक्टर कित्येक वर्षं तिथल्या वैद्यकीय सेवेचा प्रमुख होता आणि मग एक छोटं यान घेऊन अल्फा क्वाड्रंटच्या, म्हणजे व्हॉयेजरच्या मूळ घराच्या, दिशेने निघाला. त्याला घराची ओढ लागली होती.

म्हणजे आपण पाहिलेलं सगळं, क्वारनचा प्रामाणिकपणा, डॉक्टरची तळमळ, दोघांची मैत्री, हेसुद्धा एक सिम्युलेशनच होतं! कुणीतरी पुढच्या काळात उभं केलेलं. आणि नव्या काळाला सलोख्याची कथा हवी आहे, जशी जुन्या काळाला हुतात्म्याची हवी होती. त्या कथेत दोन समाजांना एकत्र आणणारे दोन नायक असणं किती सोयीचं आहे ते बघा.

खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण पहिल्या संग्रहालयावर शंका घ्यायला ज्या लेखकांनी आपल्याला चाळीस मिनिटं शिकवलं, त्यांनी शेवटी दुसरं संग्रहालय सहज म्हणून ठेवलं असेल, हे मला मान्य होत नाही.

जुना_प्रेक्षक

कृष्णविवर, मुद्दा जबरदस्त आहे. त्यावर एकच सांगतो. तुमचं म्हणणं धरलं तर डॉक्टरच्या साक्षीची किंमत शून्य होते आणि भागाचा पायाच निखळतो. लेखकांना ते अभिप्रेत असेल असं वाटत नाही. शेवटचा प्रसंग मला तरी दिलासा म्हणून लिहिलेला वाटतो. ती मार्गदर्शक शांत आहे, पाहुणे शांत आहेत, संगीत मवाळ आहे.

मृगशीर्ष

किंमत शून्य का व्हावी? मध्ये ट्रायकॉर्डर (तपासून नोंदी ठेवणारं हातातलं उपकरण) आहे ना.

त्याच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. संग्रहालयात डॉक्टरचा ट्रायकॉर्डर पडून आहे. कायरियनांना तो सात शतकं नुसता अवशेष. टेड्रन मेला तेव्हाच्या नोंदी त्यात आहेत, तेव्हा त्याला कुणी मारलं हे त्यावरून सिद्ध होऊ शकतं. क्वारन आणि डॉक्टरमध्ये खरा फरक पडतो तो इथे. कथा दोघांकडेही आहेत, पण डॉक्टर म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, उपकरण तपासा.

आणि मग तो प्रसंग येतो, जो मला संपूर्ण मालिकेतल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी वाटतो. बाहेर दंगल उसळली आहे. वास्कन जमावाने संग्रहालय फोडलंय, ट्रायकॉर्डर ढिगाऱ्यात कुठेतरी. डॉक्टर खचतो. म्हणतो, मी सांगेन की मी खोटं बोललो, मला बंद करून टाका, लोक मरताहेत त्यापेक्षा जुनी कथा बरी. जो डॉक्टर स्वतःच्या बारीकसारीक श्रेयासाठी तासन् तास वाद घालतो, तो आपल्या मित्रांची बदनामी कायमची मान्य करायला तयार होतो.

आणि त्याला अडवतो कोण, तर क्वारन. ज्याचं आयुष्यभराचं काम या साक्षीने मातीमोल होणार आहे, ज्याच्या समाजाचा हुतात्मा हल्लेखोर ठरणार आहे, तो म्हणतो की नाही, शोधू या. सुरुवातीला त्याच क्वारनने रागाने डॉक्टरला बंद केलं होतं. हा प्रवास लक्षात घेतला की विकृत जेनवे वगैरे माझ्या दृष्टीने मागे पडतं. भाग या दोघांचा आहे.

ताराप्रवासी

मृगशीर्ष, पूर्ण सहमत, आणि त्यात चौकशी मंडळाची भर घालते. कायरियन सदस्याला डॉक्टरवर खटला हवा, वास्कन सदस्याला त्याचं बोलणं आनंदाने मान्य. दोघांनीही पुराव्याची वाट पाहिली नाही. सत्य आवडणारा वास्कन हा सत्य म्हणून नव्हे, आपल्या बाजूचं म्हणून आवडून घेतो. हे फार थोडक्यात येऊन जातं पण अचूक आहे.

धूमकेतू

परिणामांचा विषय निघालाच आहे तर ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेचा ‘क्रॉसओव्हर’ (१९९४) विसरू नका. कर्कने स्पॉकला दिलेल्या त्या सुंदर सल्ल्याचं पुढे काय झालं? स्पॉक सत्तेवर आला, त्याने सुधारणा केल्या, साम्राज्य मवाळ झालं, आणि क्लिंगॉन आणि कार्डेशियन या दोन परग्रही वंशांच्या युतीने ते गिळलं. माणसं गुलाम झाली. त्या मालिकेतली आपल्या विश्वातली किरा आणि बशीर तिथे पोचतात तेव्हा बशीरला खनिजाच्या कामाला जुंपतात, आणि इंटेंडंट म्हणून मिरवणाऱ्या दुसऱ्या किराला ही आपली किरा पाहून स्वतःच्याच प्रेमात पडल्यासारखं होतं.

जुना_प्रेक्षक, तुम्हाला आवडलेला तो संवाद हा भाग उलटा करून दाखवतो. कर्क तासाभरात भाषण देऊन निघून गेला, किंमत इतरांनी मोजली. ‘लिव्हिंग विटनेस’मधली व्हॉयेजरही निघूनच गेली होती. दोन्हीकडे मागे राहिलेल्यांची गोष्ट आहे.

पुढचे आरशातले भाग मात्र उत्तरोत्तर पातळ होत गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

जुना_प्रेक्षक

हो, ‘क्रॉसओव्हर’ मला मान्य. मी तर म्हणेन की तो ‘मिरर, मिरर’चा सर्वांत चांगला वाचक आहे.

निहारिका

‘एंटरप्राइज’ मालिकेचे दोन भाग, ‘इन अ मिरर, डार्कली’ (एप्रिल २००५), यांना वगळू नका. तिथे आपल्या विश्वातलं कुणीच जात नाही. सुरुवातीलाच झेफ्रम कॉक्रेन पृथ्वीवर प्रथमच उतरलेल्या, हात उंचावून अभिवादन करणाऱ्या परग्रही व्हल्कनला गोळी घालतो, शीर्षकदृश्येसुद्धा युद्धाची.

आणि त्यात एक प्रसंग आहे जो या चर्चेत चपखल बसतो. तिथल्या आर्चरच्या (मालिकेच्या नायकाच्या काळ्या रूपाच्या) हाती आपल्या विश्वातलं डिफायंट हे जहाज लागतं. तो त्यातल्या नोंदींमध्ये दुसऱ्या आर्चरचं चरित्र वाचतो: मानसन्मान, कीर्ती, सगळं. ते वाचून तो जळतो, आणि मग त्या दुसऱ्याचा आवाज त्याला टोचत राहतो. डॉक्टर आपलं वाईट चित्र बघून कळवळतो, आर्चर आपलं चांगलं चित्र बघून वेडापिसा होतो.

प्रथमच_पाहतोय

मी ‘व्हॉयेजर’ अजिबात पाहिलेली नाही. हा भाग थेट पाहिला तर कळेल का?

वार्प_नऊ

कळेल, पण निम्मा आनंद जाईल. हातमोजे घातलेली जेनवे पाहून दचकायचं असेल तर एरवीची जेनवे आधी माहीत हवी. निदान तिसऱ्या सीझनचा शेवट आणि चौथ्याची सुरुवात, म्हणजे सेव्हन येते ते दोन भाग, आणि वर उल्लेखलेला ‘मेसेज इन अ बॉटल’ एवढं पाहा. डॉक्टर कोण आहे हे तेवढ्यावर कळतं.

मृगशीर्ष

एक शेवटचा धागा जोडते. ‘ऑथर, ऑथर’ (२००१, सातवा सीझन) कुणी यासोबत ठेवून पाहिलाय का?

तिथे मूळ डॉक्टर, जो व्हॉयेजरवरच राहिला, एक होलोकादंबरी (आत शिरून अनुभवायची कथा) लिहितो. जहाजाचं नाव व्होर्टेक्स, कॅप्टन जेन्किन्स. आपल्या मर्जीतल्या माणसावर आधी उपचार व्हावेत म्हणून ती दुसऱ्या रुग्णाला सरळ गोळी घालते. जहाजावरच्या पॅरिसचा मार्सेल्स झालाय, मिशी लावून. टॉरेसची टॉरी, टुवॉकचा टुलक, सेव्हनची थ्री ऑफ एट. सगळे दुष्ट, एकटा होलोग्राम सोसणारा. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्याच्या बॅकअपने ‘माझी माणसं अशी नव्हती’ म्हणून जीव तोडून सांगितलं, तोच डॉक्टर आपल्या हाताने त्याच माणसांचे राक्षस करतो. हेतू वाईट नाही, होलोग्रामांच्या हालअपेष्टा जगाला कळाव्यात एवढाच. क्वारनचा तरी हेतू कुठे वाईट होता?

त्याला हे कळत नाही. टॉरेस, किम, सगळे दुखावतात, तरी कळत नाही. मग पॅरिस गुपचूप कादंबरी बदलून तीत एक बावळट, लंपट डॉक्टर घालतो, आणि ते पाहिल्यावर कुठे डोळे उघडतात. पण तोवर प्रकाशकाने कादंबरी बाजारात आणलेली असते आणि तो ती मागे घ्यायला तयार नसतो, कारण होलोग्रामला कायद्याने हक्क नाहीत. सुनावणीत लवाद त्याला लेखक म्हणून हक्क देतो, व्यक्ती म्हणून मान्यता मात्र देत नाही.

आता ताराप्रवासींच्या पहिल्या पोस्टमधलं क्वारनचं ते वाक्य पुन्हा वाचा, खटल्याचं. ज्यांनी त्याच्या जहाजाबद्दल सगळं चुकीचं लिहिलं, त्या समाजाने त्याला पहिल्याच भेटीत व्यक्ती मानलं होतं. त्याच्या स्वतःच्या राष्ट्रसंघाने, फेडरेशनने, २००१ च्या त्या भागातही मानलं नाही. कृष्णविवर, तुमच्या शंकेला माझं उत्तर हे आहे: दुसरं संग्रहालय कथा रंगवत असेलही, पण डॉक्टर तिथे वर्षानुवर्षं राहिला, हे मला त्यामुळे पटतं.

कृष्णविवर

राहिला असेल, हे मीही मानतो. पण मग तो निघून का गेला, आणि ७०० हून जास्त वर्षांनी त्याला कोणतं घर मिळणार होतं, हे तुमच्या उत्तरात बसत नाही. मार्गदर्शकेने दिलेलं कारण आहे ‘घराची ओढ’. ते आपल्याला तिच्या तोंडून कळतं, त्याच्या नाही.